सोमाली तरुण आणि ज्यू मेंटॉर यांची जोडी जमवायची कशी? टोरोंटोत नव्याने हे काम करणाऱ्यांसाठी

टोरोंटोच्या लॉरेन्स अव्हेन्यूवरून 52 नंबरची बस पश्चिमेला विमानतळाकडे जाते. वाटेत बाथर्स्ट स्ट्रीट लागतो. तिथे सिनेगॉग म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, ज्यू शाळा, कोशर (ज्यू धर्माच्या नियमांत बसणाऱ्या) खाण्याची दुकानं. पुढे तीच बस डिक्सन रोडला लागते आणि तिथल्या उंच इमारतींमध्ये 1990 च्या दशकापासून सोमाली कुटुंबं राहतात. दोन्ही वस्त्या एका तिकिटाच्या अंतरावर आहेत. पण बाथर्स्टवरचा वकील आणि डिक्सनवरची कायद्याची विद्यार्थिनी यांची गाठ पडायचं कारणच नसतं. ती गाठ घालून देण्याचं काम ज्यांना करायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

ही कल्पना नवी नाही. 2010 च्या सुमारास कॅनेडियन सोमाली काँग्रेस आणि कॅनेडियन इंटरनॅशनल पीस प्रोजेक्ट या संस्थांनी सोमाली तरुण आणि ज्यू व्यावसायिक यांच्यासाठी असा मेंटॉरशिपचा प्रकल्प चालवला होता. सोमाली काँग्रेसच्या नेतृत्वात तेव्हा अहमद हुसेन होते. 1993 मध्ये सोळाव्या वर्षी निर्वासित म्हणून आलेला हा मुलगा रीजेंट पार्कच्या सरकारी घरांत राहिला, पुढे वकील झाला, 2015 मध्ये खासदार आणि 2017 मध्ये कॅनडाचा इमिग्रेशन मंत्री झाला. आता कुणी छोट्या प्रमाणावर, एखाद्या सिनेगॉगच्या किंवा विद्यापीठातल्या सोमाली विद्यार्थी संघटनेच्या आधाराने असं काही सुरू करू पाहत असेल, तर पुढच्या गोष्टी उपयोगी पडतील.

मराठी माणसाने यात का पडावं, असं कुणी विचारेल. एक तर आपण दोन्ही बाजूंचे नाही, त्यामुळे समन्वयकाच्या खुर्चीत बसलो तर कुणाला खुपत नाही. दुसरं म्हणजे ज्यू समाजाशी आपलं जुनं नातं आहे. कोकणातले बेने इस्रायली टोरोंटोतही आहेत, त्यांचं स्वतःचं सिनेगॉग आहे आणि त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून मराठी आहे. ज्यू म्हणजे सगळे एकाच साच्यातले, असं ज्याला वाटत असेल त्याने एखाद्या पेणकर किंवा दिवेकर घरी चहाला जाऊन यावं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की ठरवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हा उपक्रम कशासाठी? दोन समाजांत सलोखा व्हावा म्हणून, की त्या कायद्याच्या विद्यार्थिनीला आर्टिकलिंगची, म्हणजे वकील होण्याआधीच्या उमेदवारीची, जागा मिळावी म्हणून? माझं उत्तर स्पष्ट आहे. मुलीच्या जागेसाठी. सलोखा झाला तर त्या कामातून होतो, आणि मग तो टिकतो. जिथे सलोखाच मुख्य कार्यक्रम होतो, तिथे मुलांना स्टेजवर उभं केलं जातं, फोटो निघतात, भाषणं होतात आणि मुलं रिकाम्या हाताने घरी जातात. तशी मुलं दुसऱ्यांदा येत नाहीत, आणि का यावं त्यांनी?

1. आधी दोन्ही घरांचा इतिहास वाचा

हुकूमशहा सियाद बारेची राजवट जानेवारी 1991 मध्ये कोसळली आणि सोमालियात राज्य म्हणून काही उरलं नाही. जी कुटुंबं कॅनडात आली त्यांच्याकडे पासपोर्ट, जन्मदाखला असं काही नव्हतं, आणि ते देणारं सरकारही जागेवर नव्हतं. नेमका 1993 मध्ये कॅनडाने कायदा बदलला. निर्वासित म्हणून मान्यता मिळाली तरी कायम वास्तव्यासाठी ओळखीची समाधानकारक कागदपत्रं हवीत, असं ठरलं. हजारो सोमाली लोक अधांतरी लटकले. 1997 मध्ये त्यांच्यासाठी वेगळा वर्ग काढला, पण त्यातही पाच वर्षं थांबायची अट होती. ती नंतर कमी झाली आणि 2002 च्या नव्या कायद्याबरोबर गेली.

हे सगळं समन्वयकाला कशाला हवं? त्या वर्षांत कायम वास्तव्य नसलेल्या माणसाला शिक्षणाचं सरकारी कर्ज मिळत नव्हतं, कुटुंबाला बोलावून घेता येत नव्हतं, बऱ्याच चांगल्या नोकऱ्यांचे दरवाजे बंद होते. मोगादिशूत इंजिनिअर असलेला बाप टोरोंटोत टॅक्सी चालवत राहिला. आज विशीत असलेल्या मुलांना घरातून कष्ट करायची सवय मिळाली, शिक्षणाचं महत्त्व कळलं, पण बाबांच्या ओळखीचा कुणी बँकेत आहे, आत्याच्या ऑफिसात उन्हाळी जागा निघते आहे, हे मिळालं नाही. मेंटॉरशिपने भरून काढायची उणीव ती आहे. हुशारीची नाही, वर्तनाची तर नाहीच नाही.

ज्यू मेंटॉरच्या घरातही बहुधा अशीच गोष्ट असते, फक्त दोन-तीन पिढ्या मागे. 1939 मध्ये सेंट लुईस जहाजावरच्या नऊशेहून जास्त ज्यू निर्वासितांना कॅनडाने आसरा नाकारला, त्याबद्दल सरकारने माफी मागितली ती 2018 मध्ये. टोरोंटोतली माउंट सायनाय हॉस्पिटलची संस्था 1923 मध्ये उभी राहिली, त्याचं एक कारण म्हणजे ज्यू डॉक्टरांना इतर हॉस्पिटलांत घेत नसत. बोरा लास्किन हार्वर्डहून शिकून आले तरी वकिली फर्ममध्ये त्यांना कुणी जागा देईना, तेव्हा ते एका प्रकाशकाकडे निकालपत्रांचे सारांश लिहीत बसले. 1970 मध्ये तेच लास्किन सर्वोच्च न्यायालयाचे पहिले ज्यू न्यायाधीश झाले आणि 1973 मध्ये सरन्यायाधीश. टोरोंटोची ज्यू व्होकेशनल सर्व्हिस, म्हणजे जेव्हीएस, 1947 मध्ये सुरू झाली ती युद्धानंतर आलेल्या ज्यू निर्वासितांना आणि सैन्यातून परतलेल्यांना कामाला लावायला. आज तिचे दरवाजे सगळ्यांना उघडे आहेत.

मेंटॉरला हा इतिहास माहीत असतोच. तुम्ही तो मुलांना सांगा, पण "त्यांनी केलं, तुम्हीही करा" अशा सुरात सांगू नका. आजच्या सोमाली मुलाला कातडीचा रंग लपवता येत नाही, आडनाव बदलून भागत नाही. ते दुःख वेगळं आहे आणि ते वेगळंच राहू द्यावं.

2. पैसा कुठून येतो ते सगळ्यांना सांगा

हा मुद्दा नवखे लोक शेवटी ठेवतात. तो दुसरा आहे. अमेरिकेत 2014 मध्ये हिंसक अतिरेकवाद रोखण्याच्या नावाखाली मिनियापोलिसमध्ये सरकारी प्रयोग सुरू झाला. तिथे सोमाली तरुणांसाठीच्या खेळ, मेंटॉरशिप अशा कामांना सुरक्षेच्या खात्याकडून पैसा येऊ लागला तेव्हा समाजातच फूट पडली. आपल्या मुलांकडे संशयित म्हणून पाहिलं जातंय का, ही शंका आयांच्या मनात बसली आणि ती रास्त होती. टोरोंटोतही डिक्सन रोडच्या इमारतींवर जून 2013 मध्ये पोलिसांनी मोठ्या धाडी घातल्या होत्या. दारं फोडलेली घरं लोक विसरलेले नाहीत.

तेव्हा पोलिसांकडून, गुप्तचर खात्याकडून किंवा "अतिरेकवाद प्रतिबंध" अशा शीर्षकाखालून येणारा पैसा घेऊ नका. थोडक्यात भागवा. खरं तर या कामाला पैसा फार लागतही नाही. बसभाडं, चहा-खाणं आणि अर्धवेळ समन्वयकाचा पगार एवढ्यात वर्ष निघतं. जो काही निधी असेल त्याचं नाव अर्जाच्या पहिल्याच पानावर छापा.

अठरा वर्षांखालची मुलं घेणार असाल तर प्रत्येक प्रौढाची पोलिस पडताळणी करून घ्या, ती मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी असते तीच, साधी नव्हे. त्यात ओळखीपाळखीची सवलत कुणालाही नको. माझा सल्ला विचाराल तर पहिल्या वर्षी फक्त कॉलेजची आणि त्यापुढची मुलं घ्या.

3. मुलं शोधायची ती आयांच्या मार्फत

सोमाली घरात आईचा, म्हणजे हूयोचा, शब्द चालतो. पोस्टर लावून चार अर्ज येतील. चार आयांना भेटलात तर चाळीस येतील. त्यांना भेटायला मशिदीच्या सभागृहात किंवा सोमाली संस्थेच्या कार्यालयात जा, सोबत सोमाली सहकारी असू द्या, वेलची-दालचिनी घातलेला शाह, म्हणजे सोमाली चहा, प्या आणि आधी ऐका. त्यांचे प्रश्न नेमके असतात. मुलीला संध्याकाळी कुठे जावं लागेल? मेंटॉर पुरुष की बाई? आमच्या धर्माबद्दल कुणी काही बोलणार आहे का? आणि ज्यूच का? शेवटच्या प्रश्नाला आडवळणाने उत्तर देऊ नका. "कारण या शहरात त्यांनी शून्यातून व्यवसायांत जागा मिळवली आणि त्यांच्यातले काही जण वेळ द्यायला तयार आहेत," हे खरं आणि पुरेसं उत्तर आहे.

एक प्रश्न मात्र तुम्ही विचारायचा नाही, अगदी गप्पांच्या ओघातही नाही : तुमचा कबिला कोणता? यादवी युद्धात याच प्रश्नाच्या उत्तरावर माणसं मारली गेली.

अर्जात नावाच्या रकान्याकडे लक्ष द्या. सोमाली पद्धतीत आडनाव नसतं. स्वतःचं नाव, वडिलांचं, मग आजोबांचं. लग्नानंतर बाई नाव बदलत नाही. त्यामुळे आई आणि मुलगा यांची शेवटची नावं वेगळी असतात, आणि आडनावावरून घर शोधणारं तुमचं एक्सेल शीट गोंधळ घालतं.

मुलाखतीत मुलांना "तुझं स्वप्न काय" असं विचारू नका. त्यापेक्षा येत्या वर्षभरात त्यांना नेमकं काय गाठायचंय ते काढून घ्या : आर्टिकलिंग, सीपीए (कॅनडातलं सीए) होण्यासाठी लागणारी नोकरी, मेडिकलची मुलाखत, पहिली उन्हाळी इंटर्नशिप, की नुसतं या शाखेत राहावं का हे कळणं. उत्तर जितकं नेमकं, तितकी जोडी सोपी.

4. मेंटॉर निवडताना नाही म्हणायला शिका

उत्साहाने येणारे मेंटॉर भरपूर असतात. सिनेगॉगच्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, एकदा सांगितलं की यादी भरते. त्यातल्या काहींना नम्रपणे नकार द्यावा लागतो. "मला या मुलांना वाचवायचंय" म्हणणारा, इस्लामबद्दल आधीच मत ठरवून आलेला, दर महिन्याला दोन तास मोकळे नसलेला, आणि आपल्या मुलाच्या कॉलेजच्या अर्जात लिहायला काही हवं म्हणून आलेला. उलट बाजूनेही पाहा. "ज्यूंच्या हातात सगळ्या बँका असतात, त्यांचा वशिला लागला की झालं" असं एखादा मुलगा बोलला तर ते हसून सोडून देऊ नका. कौतुकाच्या स्वरातलं असलं तरी ते जुनं विष आहे, आणि त्याला तसं शांतपणे समजावून सांगायला हवं. मेंटॉर म्हणजे शाळेचे हप्ते आणि घराचं कर्ज फेडणारा एखादा अकाउंटंट असतो. त्याच्याकडे जादू नसते, वीस वर्षांचा अनुभव आणि फोनमधले काही नंबर असतात.

प्रत्येक मेंटॉरकडून एकच लेखी कबुली घ्या : मी या तरुणाची माझ्या व्यवसायातल्या किमान तीन माणसांशी स्वतः ओळख करून देईन. सल्ला सगळे देतात, तो इंटरनेटवरही मिळतो. आपली पत पणाला लावून "या मुलीला भेटून घे" असा ईमेल लिहिणं, हे खरं देणं.

5. जोडी व्यवसायावरून लावा

वकिलीला वकील, ऑडिटला ऑडिटर. शक्यतो शाखाही तीच. फौजदारी वकिली करू पाहणाऱ्या मुलाला रिअल इस्टेटच्या वकिलाकडे पाठवून दोघांचाही वेळ जातो. स्वभाव, आवडीनिवडी, दोघांनाही फुटबॉल आवडतो वगैरे दुय्यम. मुलींना बाई मेंटॉर हवी की चालेल कुणीही, हे त्यांनाच विचारा. आपण परस्पर ठरवू नये. धार्मिकतेबद्दलही तसंच. कडक शब्बाथ (शुक्रवार सूर्यास्त ते शनिवार रात्र, कामाला सुट्टी) पाळणारी ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ ज्यू, डॉक्टर आणि हिजाब घालणारी विद्यार्थिनी यांची जोडी अनेकदा छान जमते. डोकं झाकून ऑपरेशन थिएटरमध्ये कसं वावरायचं, कामाच्या जेवणावळीत काय खायचं, सुट्टी कशी मागायची, हे प्रश्न दोघींचे सारखेच असतात.

6. तारीख, जागा, खाणं

इथे घाई करू नका. पहिल्या भेटी इथेच बिघडतात.

शुक्रवार बाद धरा. दुपारी जुम्म्याची नमाज, आणि सूर्यास्ताला शब्बाथ सुरू. डिसेंबरात टोरोंटोला पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे शब्बाथ पाळणारा माणूस दुपारीच ऑफिस सोडतो. शनिवारही गेला. शनिवार-रविवार सकाळी सोमाली घरातली धाकटी भावंडं दुग्सीला, म्हणजे कुराणाच्या शाळेला जातात आणि त्यांना नेणं-आणणं मोठ्यांकडे असतं. उरली रविवार दुपार आणि सोमवार ते गुरुवारच्या संध्याकाळी. हिवाळ्यात मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची, नमाज संध्याकाळच्या भेटीच्या ऐन मध्यात येऊ शकते. दहा मिनिटं आणि एक स्वच्छ कोपरा एवढंच लागतं, तो आधीच दाखवून ठेवा.

वर्षाचं कॅलेंडर लावताना आपल्या लोकांना एक गोष्ट चटकन समजते. ज्यू पंचांगात आपल्यासारखाच अधिक मास असतो, 19 वर्षांत सात वेळा, त्यामुळे त्यांचे सण ऋतूंना धरून राहतात. इस्लामी पंचांगात तो नाही, म्हणून रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो. गेल्या वर्षीचं वेळापत्रक उचलून पुढच्या वर्षी वापरलंत तर चुकणार. सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्यू सण ओळीने येतात, त्या तीन-चार आठवड्यांत मेंटॉरकडून फार अपेक्षा ठेवू नका.

जागा म्हणून पहिली भेट मेंटॉरच्या ऑफिसात ठेवणं सर्वांत चांगलं. मुलाला कामाची जागा दिसते, लिफ्टपासून मीटिंग रूमपर्यंत सगळं. पण भेट सिनेगॉगमध्ये किंवा ज्यू केंद्रात असेल तर दारावरचा पहारेकरी हा तुमचा पहिला प्रश्न आहे. अशा ठिकाणी आज कडक सुरक्षा असते आणि ती का असते हे सांगायला नको. दुसरीकडे, या शहरात पोलिसांनी रस्त्यात विनाकारण अडवून नाव-पत्ता लिहून घेण्याचा अनुभव काळ्या तरुणांच्या कितीतरी घरांत आहे. असा एक मुलगा सूट घालून, वेळेच्या आधी येतो, आणि दारावर त्याची बॅग उघडायला लावून "कुणाकडे काम आहे?" असं तीनदा विचारलं जातं. आत बसलेल्या मेंटॉरला यातलं काहीच कळत नाही, त्याला फक्त गप्प गप्प असलेला मुलगा दिसतो. म्हणून आदल्या दिवशी नावांची यादी पहाऱ्याच्या टेबलावर पोचवा, मुलांना तपासणी सगळ्यांचीच होते हे आधी सांगा, आणि स्वतः बाहेर, दाराशी उभे राहा. आत नाही, बाहेर.

खाणं साधं ठेवा. फळं, चहा, आणि टोरोंटोच्या कश्रुत कौन्सिलचा, म्हणजे कोशर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा, सीओआर शिक्का असलेली बिस्किटं. हलाल आणि कोशर हे नियम काही ठिकाणी जुळतात पण एकच नाहीत, दारूच्या बाबतीत तर मुळीच नाहीत. मांसाहार टाळलात तर निम्मे प्रश्न सुटतात. पहिल्या भेटीला वाइन ठेवलेला समारंभ नको.

हस्तांदोलनाचं दोघांनाही सांगून ठेवा. परक्या स्त्री-पुरुषांनी हात मिळवू नये असं मानणारे मुसलमानही आहेत आणि ऑर्थोडॉक्स ज्यूही. छातीवर हात ठेवून मान झुकवली की काम होतं. समोरच्याने हात पुढे केला नाही तर अपमान समजू नये.

7. पहिली भेट : दीड तास, आणि हातात एक कागद

ओळख-पाळख झाल्यावर मेंटॉरने आपल्या पहिल्या नोकरीची गोष्ट सांगावी, त्यातल्या फजितीसकट. मग मुलाचा रेझ्युमे टेबलावर. इथे काय घडतं ते एका उदाहरणाने सांगतो.

अकाउंटिंग शिकणारी एक मुलगी. रेझ्युमेवर मार्क, एका कपड्यांच्या दुकानातली नोकरी, एक्सेल येतं एवढंच. मेंटॉर बाईंनी विचारलं, "शनिवार-रविवार काय करतेस?" ती म्हणाली, "विशेष काही नाही, आईला मदत." कसली मदत? तर आईच्या हगबदचा हिशोब ती ठेवते. हगबद म्हणजे सरळ आपली भिशी. वीसेक बायका, दर महिन्याला ठरलेली रक्कम, एकीला पूर्ण उचल. कुणाची पाळी पुढे ढकलली, कुणी अडचणीत म्हणून आधी उचलली, कुणाचे दोन हप्ते राहिलेत, हे सगळं ती अकरावीपासून वहीत लिहीत होती आणि एकदाही पैशाचा फरक आला नव्हता. बाईंनी पेन उचललं आणि ते वाक्य रेझ्युमेच्या वरच्या भागात लिहून घेतलं. तिला स्वतःला त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

असं जवळपास प्रत्येक मुलाच्या बाबतीत निघतं. दहाव्या वर्षापासून आजीसाठी डॉक्टरकडे दुभाष्याचं काम, वडिलांच्या टॅक्सीचे कर भरणं, भावंडांच्या शाळेतल्या मीटिंगा. मेंटॉरला हे खोदून काढायला शिकवा. आणि मुलांना "आम्ही केलं" ऐवजी "मी केलं" म्हणायचा सराव द्या. घरात सगळं श्रेय सगळ्यांचं असतं, तो चांगलाच संस्कार आहे, पण मुलाखत घेणाऱ्याला तुम्ही काय केलंत तेवढंच ऐकायचं असतं.

हाक कशी मारायची यावरही सुरुवातीला मुलं अडखळतात. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसतं नावाने हाक मारणं त्यांच्या जिभेवर येत नाही. कॅनडाच्या ऑफिसात तेच चालतं, म्हणून मेंटॉरनेच पहिल्या भेटीत सांगावं. तरीही कुणी "मिस्टर" लावत राहिलं तर राहू द्या, सवय होते.

भेट संपताना कागदावर तीन ओळी : पुढच्या भेटीची तारीख, तोवर मुलाने करायचं एक काम, तोवर मेंटॉरने करायचं एक काम. दोघांनी फोटो काढून ठेवावा, एक प्रत तुमच्याकडे.

8. मधले महिने

मेंटॉरशिप बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात थंडावते. भांडण होत नाही, फक्त ईमेलला उत्तर येत नाही. मुलाला वाटतं साहेब कामात आहेत, कशाला त्रास द्यायचा. मेंटॉरला वाटतं मुलाला रस उरला नाही. म्हणून दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी समन्वयकाने दोघांना फोन करायचा. ईमेल नको, फोनच.

त्या-त्या व्यवसायाचं वेळापत्रक भिंतीवर लावा. ऑन्टारिओत वकील व्हायला आठ ते दहा महिन्यांचं आर्टिकलिंग लागतं, नाहीतर लॉ प्रॅक्टिस प्रोग्रॅमचा पर्याय आहे. भरतीच्या तारखा लॉ सोसायटी, म्हणजे वकिलांची नियामक संस्था, दरवर्षी जाहीर करते आणि त्या चुकल्या की वर्ष गेलं. सीपीएला 30 महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, म्हणजे पहिली नोकरी कुठे लागते यावर पुढचं बरंच ठरतं. ज्याच्या घरात आधी कुणी या वाटेने गेलेलं नाही, त्याला या तारखा कुणी सांगितलेल्या नसतात. त्या वेळेवर सांगणं हीसुद्धा मोठी मदत असते.

भरतीच्या आधी किमान दोन खोट्या मुलाखती घ्या, आणि त्या मेंटॉरने नव्हे, त्याच्या मित्राने घ्याव्यात. अनोळखी माणसासमोर बसायचा सराव तेव्हाच होतो, आणि कबूल केलेल्या तीनपैकी एक ओळखही होऊन जाते. मुलाखतीचा हंगाम रमजानात आला तर शक्य तिथे सकाळची वेळ मागून घ्यायला मुलांना सांगा.

9. गाझाबद्दल

हा विषय येणारच. 7 ऑक्टोबर 2023 चा हमासचा इस्रायलवरचा हल्ला आणि त्यानंतरचं गाझामधलं युद्ध यांनी दोन्ही घरांत दुःख, राग आणि भीती आणली आहे. मेंटॉरचा नातेवाईक इस्रायलमध्ये असू शकतो. मुलगी आदल्या संध्याकाळी मोर्चात जाऊन आलेली असू शकते. याबद्दल काहीच ठरवून न ठेवणं ही या कामातली सर्वांत महागात पडणारी हयगय.

बंदी घालू नका, कारण ज्याबद्दल बोलायचंच नाही ते टेबलाखाली बसून राहतं. चर्चेचा कार्यक्रमही ठेवू नका. ही मुलं पॅलेस्टाईनचे वकील म्हणून आलेली नाहीत आणि मेंटॉर इस्रायल सरकारचे प्रवक्ते म्हणून आलेले नाहीत. दोघांकडून सुरुवातीलाच तीन गोष्टी कबूल करून घ्या. मदत कुणाच्याही मतावर अवलंबून राहणार नाही. शिफारसपत्र, ओळख, मुलाखतीची तयारी यातलं काही त्यामुळे थांबणार नाही. एकमेकांचं सोशल मीडिया चाळायचं नाही. आणि कुणालाही "आज नको" म्हणायचा अधिकार आहे, कारण न सांगता.

कुणी दुखावलं गेलं तर दोन आठवडे भेट पुढे ढकला आणि त्या काळात दोघांशी वेगवेगळे बोला. जोडी तोडायचीच वेळ आली तर त्या मुलाला दुसरा मेंटॉर आठवड्याभरात द्या, त्याची भरती चुकता कामा नये. ज्यूंबद्दल किंवा मुसलमानांबद्दल समाज म्हणून द्वेषाचं कुणी काही बोललं, तर मात्र तिथे दोन आठवड्यांची वाट पाहू नका. त्याच दिवशी थांबवा.

अलीकडे यात आणखी एक धागा आला आहे. डिसेंबर 2025 मध्ये इस्रायलने सोमालीलँडला, म्हणजे 1991 पासून स्वतःला वेगळा देश म्हणवणाऱ्या सोमालियाच्या उत्तर भागाला, स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. त्याची राजधानी हरगेसा, तिकडच्या कुटुंबांत आनंद झाला, मोगादिशूकडच्यांना तो देशाचा तुकडा पाडल्यासारखा वाटला, आणि कित्येक घरांत दोन्ही भावना एकाच वेळी आहेत. मेंटॉरने भल्या मनाने "अभिनंदन" म्हटलं तर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटेल हे सांगता येत नाही. मेंटॉरना हे आधी समजावून ठेवा.

10. वर्ष संपताना

वर्षाच्या शेवटी मोजायचं ते हे : किती जणांना जागा मिळाली, प्रत्येकाच्या किती नव्या माणसांशी ओळखी झाल्या, किती जोड्या पुढे आपणहून भेटत राहिल्या. "मला दुसऱ्या समाजाबद्दल आता जास्त आदर वाटतो, 1 ते 5" असले प्रश्न असलेला फॉर्म देणगीदारांनी मागितला तर द्या, पण त्यावर निर्णय घेऊ नका. ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांना स्वतः फोन करा आणि पुढच्या वर्षीच्या यादीत त्यांची नावं सर्वांत वर लिहा.

समारंभ करायचाच असेल तर छोटा करा, आयांना बोलवा, आणि मुलांच्या परवानगीशिवाय एकही फोटो बाहेर जाऊ देऊ नका. वकिली फर्ममध्ये नुकती लागलेली मुलगी एखाद्या समाजाच्या पत्रकात "लाभार्थी" म्हणून छापून आली तर तिला दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याची उत्तरं देत बसावं लागतं.

दुसऱ्या वर्षाच्या मेंटॉरांच्या यादीत पहिल्या वर्षातल्या मुलांची नावं घाला. नोकरीला सहा महिने झालेला सोमाली अकाउंटंट पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जे सांगू शकतो ते वीस वर्षं अनुभवी माणसाला आठवतही नसतं. त्याचा ज्यू मेंटॉर तिसरा म्हणून त्या भेटीला आला तर उत्तमच. यादी ऑगस्टअखेर तयार ठेवा, कारण सप्टेंबरात कॉलेजं उघडतात आणि लगेच रोश हशनाचे, म्हणजे ज्यू नववर्षाचे, दिवस येतात.